सातवा महिना: १८९० रेटिंगवाल्यासोबत ड्रॉ, फिलिडोर बचाव एकदाचा कामी आला

माझ्या बुद्धिबळाचा या महिन्याचा लॉग एकाच गेमवर आहे बावा. नागपुरात धरमपेठेतली वीकेंड टुर्नामेंट, ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद, चौथ्या राउंडला समोर १८९० चा शाळकरी पोरगा आणि मी १४८६, तेही काळ्याकडून. दिव्या देशमुख, रौनक साधवानी असे ग्रँडमास्टर ज्या गावचे तिथे समोर पोरगा बसला की त्याचं रेटिंग कमीच लिहिलंय असं धरून चालावं.

ओपनिंग म्हणजे सुरुवातीच्या चाली लंडन पद्धतीच्या, त्यात काही विशेष नाही. २४ व्या चालीला घोडा चुकीच्या घरात नेला आणि एक प्यादं गेलं. तिथेच ड्रॉ मागायचं मनात आलं होतं, पण प्यादं कमी असताना चारशे पॉइंट वरच्या माणसाला कशाला विचारायचं, म्हणलं आता हत्ती सोडून सगळं मारामारीत काढू अन् बघू.

शेवटी उरलं ते असं, त्याचा राजा ई ५, प्यादं डी ५, हत्ती ए ७, माझा राजा डी ८ आणि हत्ती जी ६. फिलिडोर! एक प्यादं कमी असताना हत्तीने ड्रॉ राखायचा, १७७७ पासून माहीत असलेला बचाव, मी दोन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर पट मांडून हाच घोटत होतो. सहावी रांग सोडायची नाही, त्याचा राजा वर येऊच द्यायचा नाही. हात दोनदा हत्तीकडे गेला, मागून शह द्यायची फार घाई होत होती, पण प्यादं पुढे सरकायच्या आधी हत्ती हलवला असता तर राजा डी ६ ला घुसला असता आणि मग बचाव खूप अवघड. त्याने सहा मिनिटं विचार करून डी ६ केलं, मी लगेच हत्ती जी १. आता त्याच्या राजाला लपायला जागाच नाही, कारण जिथे लपायचं तिथे त्याचंच प्यादं उभं. ई ६ ला आला, शह. डी ५ ला गेला, पुन्हा शह. अशा नऊ चालींनंतर पोरगा हळूच म्हणाला, "काका, ड्रॉ?" स्कोअरशीटवर अर्धा लिहिताना हात थरथरत होता माझा.

के २० (एका गेमने रेटिंग किती हलतं तो गुणक) धरून रेटिंगचे ८.४ पॉइंट मिळाले. घरी कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं इंजिन लावलं तर ४१ व्या चालीला मी साफ हरलेलो, त्याने दुसरं प्यादं बदलायला नको होतं. तरी फिलिडोरमधली एकही चाल चुकली नाही, हे मला ८.४ पेक्षा मोठं वाटतं. आता लुसेना (हत्ती अन् एक प्यादं जास्त असताना जिंकायची पद्धत) घोटायला घेतोय, आणि तो २४ व्या चालीचा घोडा.