लाइट लागला का?

ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीच्या दिवशी माझं काम ठरलेलं असतं. गाडी धाव संपवून परत आली की लॅपटॉप जोडायचा, लॉग, म्हणजे धावेत गाडीने टिपलेल्या नोंदी, उतरवून घ्यायचा आणि ड्रायव्हरचं हेल्मेट निघेपर्यंत त्याला काय विचारायचं ते ठरवून ठेवायचं. त्या सकाळी विचारायला एकच गोष्ट होती. आदल्या संध्याकाळी सरावात १२.७० सेकंदांत गेलेली गाडी आज १२.९१ कशी काय?

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. त्यात ०.२१ सेकंदाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १७० किलोमीटरच्या वेगात असते. तिथे तेवढ्या वेळात १० मीटर अंतर पडतं, म्हणजे दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील इतकं.

"ऊन," मी म्हणाले. ड्रायव्हरने मान डोलावली. गरम हवा विरळ असते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, ताकद उतरते. हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, म्हणून ते पुन्हा तपासून बघायची कुणाला गरज वाटत नाही. मलाही वाटली नाही.

दुसरी धाव १२.९३. तेव्हा कुठे मी दोन्ही दिवसांच्या टाइम स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या. स्लिपवर नुसती शेवटची वेळ नसते. ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १००० फूट अशा टप्प्यांच्या वेळा असतात आणि शेवटचा वेगही असतो. ६० फुटांपर्यंत दोन्ही दिवस सारखेच होते. शेवटचा वेग ताशी १७२ वरून जेमतेम १७१ वर आला होता. उन्हाने ताकद खरंच खाल्ली असती, तर आधी हा वेग पडला असता. वेळ गळत होता तो ६० ते ३३० फुटांच्या दरम्यान, आणि मग पुढे थोडा थोडा. त्या पट्ट्यात आमची गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाते.

लॉग उघडला. आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची, रेघ अशा धावेत करवतीच्या दातांसारखी दिसते: चढत जाते, गिअर बदलला की खाली येते, पुन्हा चढते. इथे तिन्ही दातांची टोकं कुणीतरी कापून टाकल्यासारखी सपाट होती. ७२०० वर आमचा लिमिटर आहे. तिथे पोचलं की स्पार्क तुटतो, इंजिन अडखळतं आणि गिअर बदलेपर्यंत गाडी नुसती घरंगळते. ड्रायव्हर प्रत्येक गिअरला लिमिटरवर आपटत होता, दर वेळी सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा वाया घालवत होता. संध्याकाळच्या लॉगमध्ये तेच बदल ६९८०, ७०१० आणि ६९९० ला झालेले होते.

"लाइटवर बदलतोयस ना?"

"हो."

त्या "हो"मध्ये जरा अडखळ होती. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

आमचा शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलायची वेळ सांगणारा दिवा, कसा लावलाय ते सांगायला हवं, कारण त्याचा मला थोडा अभिमान होता. बरेच जण जिथे गिअर बदलायचा त्याच आरपीएमवर लाइट लावतात आणि मग ड्रायव्हरला दोष देतात. दिवा दिसला, मेंदूत पोचलं, पाय आणि हात हलले, यात चपळ माणसाचेही ०.२ सेकंद जातात. तेवढ्या वेळात इंजिन थांबून राहत नाही. आमच्या गाडीत पहिल्या गिअरच्या टोकाला आरपीएम सेकंदाला सुमारे २४०० ने चढतात, दुसऱ्यात १००० ने, तिसऱ्यात ५०० च्या आतबाहेर. म्हणजे ७००० ला बदल हवा असेल तर पहिल्या गिअरला दिवा ६५०० ला लागला पाहिजे, दुसऱ्याला ६८०० ला, तिसऱ्याला ६९०० ला. एकाच आकड्यावर लावलेला दिवा कुठल्या तरी गिअरला खोटं बोलतोच. जुन्या पद्धतीत लिमिटरला आणि लाइटला ठरावीक आरपीएमची 'पिल' खोचायची असे, छोटा प्लगसारखा तुकडा, आणि आकडा बदलायचा तर पिल बदलायची. आमच्याकडे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गिअर ओळखून दिवा लावतो. आणि दिवा एलईडी, कारण साधा बल्ब तापून उजळेपर्यंतही थोडा वेळ जातो आणि पहिल्या गिअरमध्ये तो थोडा वेळही महाग पडतो.

आणि ७००० च का, असंही लोक विचारतात. इंजिनाची सर्वाधिक ताकद त्याच्या जरा आधीच येते, मग तिथेच का नाही बदलत? कारण बदलल्यावर आपण कुठे जाऊन पडतो तेही बघायचं असतं. आमच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३१ आणि दुसऱ्याचं १.९५. ७००० ला बदललं की इंजिन ४१०० च्या आसपास उतरतं. लवकर बदललं तर त्याहून खाली, जिथे ओढ नाही. तेव्हा ताकद थोडी उतरू लागली तरी पहिल्याच गिअरमध्ये थोडं जास्त राहणं फायद्याचं असतं.

तर हे सगळं जागच्या जागी होतं. मी आधी वायर तपासली, मग कनेक्टर, मग ग्राउंड. ईसीयूने दिव्याला दिलेला हुकूमही लॉगमध्ये दिसतो. तो बरोबर ६५०० ला गेलेला होता. लॅपटॉपवरून दिवा पेटवून बघितला. डॅशच्या वर, विंडस्क्रीनच्या खालच्या कडेला, रस्त्यावरची नजर न हलवता दिसेल असा तो छान लाल पेटला.

"अगं, मला वाटतं तो लागतच नाहीये," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "मी लिमिटरचा फडफडाट ऐकून बदलतोय."

म्हणजे सकाळपासून तो कानावर गाडी चालवत होता, आणि मी मात्र त्याचा हात मंदावला असं धरून चालले होते.

मग एक साधी चाचणी घेतली. गाडी उभी, इंजिन बंद, तो सीटवर हेल्मेट घालून. क्लचच्या स्विचचा सिग्नल लॉगमध्ये येतोच. मी मधूनच दिवा पेटवायचा आणि त्याने क्लच दाबायचा. पहिला दिवा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "लाइट लागला का?"

लाइट लागलेला होता. मी बाहेर खिडकीशी वाकून उभी होते आणि मला तो दिसत होता.

ऊन तिरपं थेट डॅशवर येत होतं. मी तळहाताने दिव्यावर सावली धरली. "हां, आता दिसला," तो म्हणाला. सावलीत त्याने क्लच सरासरी ०.२३ सेकंदांत दाबला, म्हणजे हात ठणठणीत. हात काढला की पुन्हा अंधार. मी त्याला उतरवलं, त्याचंच हेल्मेट घातलं, त्याच सीटवर बसले, उन्हात दिवा पेटवायला लावला. थोडा फिका, पण स्पष्ट लाल. मला दिसतो आणि त्याला दिसत नाही, हे काही वायरिंगमध्ये बसणारं नव्हतं.

"पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट तुला कसे दिसतात?" मी विचारलं. का विचारलं ते सांगता येणार नाही. लाल दिवा म्हटल्यावर तेच सुचलं असावं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंद. उन्हात तर फार मंद. सगळ्यांनाच तसे दिसतात ना?"

रंग ओळखण्यातला दोष म्हटलं की लाल आणि हिरवा यांत गोंधळ, एवढंच आपण धरून चालतो. पण त्यातला एक प्रकार असा असतो की डोळ्यातल्या लांब लहरी टिपणाऱ्या शंकुपेशी काम करत नाहीत किंवा वेगळ्या करतात, आणि मग लाल रंग नुसता वेगळा नाही तर काळपट, विझल्यासारखा दिसतो. लाल-हिरव्याचा कुठला ना कुठला दोष उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आढळतो. हा विझवणारा प्रकार त्यातला लहान हिस्सा. मी डॉक्टर नाही, त्याची रीतसर तपासणी नंतर झाली आणि तेच निघालं. पण त्या घडीला आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

त्याला जास्त राग कशाचा आला? तर सकाळभर आपलं लक्ष कमी पडतंय असं समजून तो स्वतःला बोल लावत होता आणि लाजेने बोलत नव्हता. मला माझाच राग आला. इंजिन सेकंदाला किती चढतं ते मी गिअरवार मोजलं होतं. डोळ्याचा हिशेब एका आकड्यात उरकला होता: ०.२ सेकंद, सगळ्यांना सारखा.

मग ख्रिसमस ट्री, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरचा दिव्यांचा खांब, कसा दिसतो त्याला? उत्तम. आमच्या वर्गात तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत येतात आणि ड्रायव्हर हिरव्याची वाट बघतच नाही, शेवटच्या पिवळ्याला क्लच सोडतो. लाल लागतो तो आधीच चूक झाल्यावर, तोही सगळ्यात खाली. जागा पाठ असली की रंग लागत नाही. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्यासुद्धा.

माझ्या पेटीत निळा एलईडी होता. लालला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला ३ च्या आसपास, त्यामुळे जुन्या रेझिस्टरवर तो जरा मंद पेटला. रेझिस्टर कमी किमतीचा लावला, वर काळ्या टेपची छोटी झडप केली. पुन्हा चाचणी, भर उन्हात, झडप वर करून: ०.२४, ०.२२, ०.२३. त्याने हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हटलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आनंदाचं होतं.

बाद फेरी सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. आमचा वर्ग ब्रॅकेटचा. आपली गाडी किती सेकंदांत जाईल तो आकडा आधी काचेवर लिहायचा, हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, आणि लिहिलेल्यापेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. खडू हातात घेऊन त्याने विचारलं, "१२.७० लिहू?"

"या उन्हात १२.७० होणार नाही," मी म्हणाले. "१२.७५ लिही."

समोरच्या गाडीने १३.४० लिहिलं होतं. ती ०.६५ सेकंद आधी सुटली. आमच्या गाडीचे तिन्ही बदल मी नुसते ऐकले. अडखळ कुठेच नाही, एकदाही नाही. रेषेच्या जरा अलीकडे तो पुढे गेला. पलीकडच्याने १३.४४ लावले. आमच्या फलकावर १२.७२ आलं आणि विजयाचा दिवा दुसऱ्या लेनला लागला.

लॉगमध्ये बदल ६९९०, ७०००, ७००० असे होते. मी अजून लॅपटॉपकडेच बघत होते, तेव्हा त्याने स्लिप आणून माझ्यासमोर धरली.

"ऊन होतं ना?" तो म्हणाला.