अंड्यातलं हृदय आणि समुद्रातलं तेल

लॅबमधले दिवे लागले की झेब्राफिश हे छोटे पट्टेरी मासे अंडी घालतात, त्यामुळे आम्हाला उशिरा येऊन चालत नाही. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, पण आरपार दिसणारं. दुसऱ्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हृदय धडधडताना दिसतं. आमची मालवणची आई फोनवर विचारते, "मासे खायचे सोडून बघत कसली बसतेस गो?"

बघायचं असतं ते हे. कच्च्या तेलातल्या फेनँथ्रीनसारख्या घटकांनी गर्भ लगेच मरतोच असं नाही. ठोके मंदावतात, हृदयाभोवती पाणी साचतं, हृदयाची नळी नीट वळत नाही. असा मासा जगला तरी पोहायला कमी पडतो. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून तेल सांडलं. तिथल्या हेरिंग माशांच्या पिल्लांत दिसलेल्या व्यंगांमागचं कारण उलगडायला पुढे झेब्राफिशचे हेच इवले गर्भ कामी आले.

झेब्राफिश गोड्या पाण्यातला, मग समुद्रातल्या तेलासाठी तो कसा चालेल, हा आक्षेप मला पटतो. समुद्रासाठी खाऱ्या पाण्यातला मेडाका मासा बरा. पण त्याची अंडी फुटायला आठवड्याहून जास्त लागतो, आणि आमच्या गाईडना निकाल हवा असतो सोमवारी.