बावीस अंशांवर लावलेली गिटार

भोसरीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर पंपांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क चालते आणि रात्री आठनंतर व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंग मशीन, मोकळे झाले की मी त्यावर गिटारचे नेक, म्हणजे बोटांनी तारा दाबायचे लांब दांडे, काढतो. ६०६१-टी६ या प्रतीच्या अॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून कोरलेला हा नेक बॉडीच्या आत ब्रिजपर्यंत, म्हणजे तारांच्या खालच्या टेकूपर्यंत, सलग जातो, त्यामुळे तारेची दोन्ही टोके एकाच धातूवर टेकलेली असतात. कल्पना अर्थातच माझी नाही. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन यांनी १९७४ ते १९७९ या काळात अशाच रचनेच्या गिटार बनवल्या आणि पुढे जेरी गार्सिया, स्टीव्ह अल्बिनी यांच्यासारख्या अमेरिकी रॉक वादकांनी त्या वाजवल्या. मला त्या रचनेची भूल पडली ती ट्रस रॉडमुळे. लाकडी नेक तारांच्या ओढीने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने वाकतो, म्हणून तो सरळ करता यावा यासाठी त्याच्या पोटात ही सळई घालावी लागते. इथे तिची गरजच नाही, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत असे.

गेल्या मे महिन्यात चौथी गिटार पूर्ण झाली. वाजवणारा मुलगा पुण्यातलाच, रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी, म्हणून मी भर दुपारी शेडमध्येच तारा चढवल्या, ॲक्शन म्हणजे तारांची उंची लावली, सातव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांना थरथरायला जागा म्हणून ठेवलेला ०.२० मिलिमीटरचा बाक फीलर गेजच्या पातळ पोलादी पानांनी मोजून घेतला आणि गिटार त्याच्या हाती दिली. भिंतीवरचे थर्मामीटर तेव्हा ३८ अंश दाखवत होते. ते मी पाहिले होते, पण उकाड्याला शिव्या देण्यापलीकडे त्याचा उपयोग केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "काका, ही सुरात राहतच नाही. लावली की दहा मिनिटांत खाली. आणि आता पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरायला लागल्यात." मागून स्टुडिओच्या मालकाचा आवाज येत होता, तो तासाचे पैसे मोजत होता, हे उघड होते. माझा पहिला संशय तारा ताणायच्या किल्ल्यांवर गेला, दुसरा नटच्या, म्हणजे तारांच्या वरच्या टेकूच्या, खाचांवर. दोन्हीचे सामान पिशवीत टाकून मी निघालो.

किल्ल्या घट्ट होत्या आणि नटही ठीक होता. स्टुडिओत मात्र एसी २० अंशांवर होता आणि मी नेकला हात लावला तेव्हा तो पाण्याच्या नळासारखा गार लागला. त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. मशीनवरून उतरलेला गरम जॉब मायक्रोमीटरने मापणाऱ्या पोरांना मी गेली पंधरा वर्षे ओरडत आलो आहे, कारण अॅल्युमिनिअम निवले की माप बदलते. आणि तेच अॅल्युमिनिअम गिटारच्या आकारात समोर आले तेव्हा मला ते आठवले नाही.

मग कागदावर हिशेब मांडला. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. अॅल्युमिनिअम एका अंशाला मीटरमागे साधारण २३.६ मायक्रॉन आकसते, पोलाद सुमारे १२. म्हणजे १८ अंशांच्या फरकात नेक २७५ मायक्रॉन आखूड झाला आणि तारा त्याच्या निम्म्याने. पण गिटारची पेटी उघडल्यावर बारीक तारा मिनिटभरात निवतात, तर नेकला तासभर लागतो. त्यामुळे मुलाने पहिल्यांदा सूर लावला तो गार तारा आणि गरम नेक या अवस्थेत, आणि त्यानंतर नेक आकसत गेला तशा तारा सैल पडत गेल्या. सगळ्या सारख्या उतरल्या असत्या तरी चालले असते. पण जी तार सुरात यायला मुळात कमी ताणून लांबवलेली असते, ती तेवढ्याच आकसण्याने जास्त उतरते, म्हणून पहिल्या तारेपेक्षा तिसरी तार कितीतरी जास्त घसरली होती.

खरखरीचे कारण याहून वाईट होते, कारण ते माझ्या निवडीचे होते. दिसायला छान म्हणून मी फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली वरची पट्टी, शिसवीचा घेतला होता आणि तो इपॉक्सीने नेकवर चिकटवला होता. लाकूड धाग्याच्या दिशेने तापमानामुळे फारच कमी हलते. खालचे अॅल्युमिनिअम आकसले, वरचे शिसवी तसेच राहिले आणि जुन्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधल्या दोन धातूंच्या पट्टीसारखा अख्खा नेक मागच्या बाजूला वाकला. सरळपट्टी ठेवून पाहिले तर काल जिथे ०.२० जात होते, तिथे ०.०५ चे पानही शिरेना. आणि हा बाक परत आणायला ट्रस रॉड नव्हता. ती माझी फुशारकी होती.

त्या दिवशी एवढेच करता आले: दोन तास गिटार पेटीबाहेर स्टँडवर ठेवली, ब्रिज थोडा उचलला, तारा पुन्हा लावल्या आणि एसीला कोणी हात लावायचा नाही असे बजावले. संध्याकाळचे रेकॉर्डिंग नीट झाले. वाया गेलेल्या तासांचे पैसे मी दिले.

आठवड्याने गिटार परत घेऊन मी ती घरी एसीच्या खोलीत रात्रभर ठेवली आणि २२ अंशांवर फ्रेट पुन्हा घासून मधला बाक त्यांच्या उंचीतच दिला. शेडमध्ये आमचे जुने ऑपरेटर मामा हे सगळे ऐकून म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगवर टेंपरेचर लिहिलं नव्हतं का?" नव्हते. आता लिहितो: मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला '२२° से.' कोरलेले असते. पाचव्या गिटारचा फ्रेटबोर्डही अॅल्युमिनिअमचाच आहे. मुलाला तो दिसायला आवडलेला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.