बाळाची खोली आणि बिनवासाचं लाकूड : आमची वाटचाल

२०१२ ला सुरुवात केली तेव्हा बाळासाठी वेगळं फर्निचर म्हटलं की लोक हसायचे. ह्यांचं इंटिरियरचं काम होतं, फ्लॅटमधलं नेहमीचं, प्लाय, सनमायका, वॉर्डरोबला मेलामाइन पॉलिश, आणि मी हिशोब बघायचे. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, मेलामाइनमध्ये हार्डनर टाकला की डोळ्यांची कशी आग होते, आणि गिऱ्हाइकाने विचारलं वास कधी जाईल तर सगळे कॉन्ट्रॅक्टर एकच सांगतात, चार दिवसांत जाईल ताई. नाही जात. तो फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू असतो, पॉलिश सुकताना सुटतो आणि नंतरही आठवडे न् आठवडे सुटत राहतो. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फळी) ह्यांच्या गोंदातून तर त्याहून जास्त काळ, उकाडा आणि दमट हवा असली की आणखीनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. मोठा माणूस ऑफिसला जातो, बाहेर फिरतो, पण तान्हं बाळ दिवसाचे सोळा-सोळा तास त्याच खोलीत झोपून असतं, वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि दात यायला लागले की कॉटचा कठडा चघळत बसतं. म्हणजे लाकडाला जे लावलंय ते पोटात जाणार हे धरूनच काम करायला पाहिजे. एवढाच विचार होता, आजही तेवढाच आहे.

पुण्याजवळ नऱ्ह्याला पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. लाकूड शिवणीचं, कोकणातून येतं, हलकं असतं आणि नीट वाळवलं तर वाकत-पिळत नाही. कठड्याला आणि पायांना सागवान. सांधे कुसवाचे, खाच पाडून आत बसवलेले, म्हणजे गोंद कमीत कमी लागतो. प्लाय नाही, एमडीएफ नाही. वरून एक तर लाखदाण्याचं पॉलिश नाहीतर जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण. लाख औषधाच्या गोळ्यांवर पण असते, स्पिरिट उडून गेलं की मागे फक्त लाख राहते. जवसाच्या तेलाबद्दल मात्र सांगते, हार्डवेअरच्या दुकानात जे उकळलेलं तेल म्हणून मिळतं ते घेऊ नका, लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंचे ड्रायर घातलेले असतात. आम्ही कच्चं तेल वापरतो, पातळ हात मारायचा, पुसून काढायचा आणि थांबायचं. उन्हाळ्यात बरं सुकतं, पावसाळ्यात जीव खातं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात, आमच्याकडे दोरीवर एकेक पसरून वाळवतात.

सासऱ्यांचा रंधा अजून वापरात आहे. त्याचं पातं झिजून अर्धं राहिलंय पण शिवणीवर असा चालतो की पॉलिश पेपर जवळजवळ लागतच नाही. शेवटचा हात काचेचा, फुटक्या काचेच्या सरळ धारेने खरवडायचं, जुने सुतार करायचे तसंच. नव्या पोरांना आधी भीती वाटते, मग त्यांनाच मशीनपेक्षा काच आवडते. आणि टेबलावर एक सागाचा ठोकळा कायम असतो, बरोबर सहा सेंटिमीटरचा. दोन गजांच्या मधून तो आरपार गेला तर ती कॉट बाहेर जात नाही, कारण तेवढ्या फटीतून बाळाचं अंग घसरतं आणि डोकं अडकतं. ह्यांनी पहिल्या वर्षी कापलेला ठोकळा आहे तो, कडा गोल झाल्या म्हणून एकदा बदललाय.

गादीसाठी चाचा होते. पिंजारी, भवानी पेठेत त्यांचं दुकान, टिंबर मार्केटला गेलं की वाटेतच. मी सांगितलं फोम नको, रेक्झिन नको, नुसता कापूस पाहिजे पण गादी कडक पाहिजे, बाळाचं तोंड आत रुतता कामा नये. ते म्हणाले सावरीचा कापूस मऊ असतो, बाळाला तो देतात. मी म्हटलं म्हणूनच नको. त्यांनी रुई दाबून दाबून भरली, दाट टाके घातले आणि कॉटमध्ये बसवून दाखवली, कडेला दोन बोटंसुद्धा शिरत नव्हती. त्यानंतर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाची गादी आम्ही दिली नाही.

आता २०१८ चं लिहिते, कारण आमचाच माल भेसळीचा निघाला असं बाहेर सांगितलं जातं.

एका मोठ्या शोरूमने आमच्या कॉट आणि पाळणे ठेवायला घेतले. करार लेखी, चलनावर सही, सगळं रीतसर. पहिले दोन-तीन महिने पैसे आले, मग हप्ते, मग साहेब मीटिंगमध्ये आहेत. तोपर्यंत आम्ही त्यांच्या भरवशावर सागवान उचललेलं, दोन सुतार वाढवलेले. आणि दिवाळीच्या सुमाराला एक गिऱ्हाईक बाई शेडवर आल्या, चिडलेल्या, मोबाइलवर फोटो दाखवला आणि म्हणाल्या ही तुमचीच कॉट ना, घरात उभं राहवत नाही एवढा वास येतोय. फोटो आमचाच होता. मागे आमच्या शेडची निळी भिंत सुद्धा दिसत होती. पण त्यांच्या घरी जाऊन बघितलं तर कॉट एमडीएफची, वर ड्युको पेंट, खालच्या कडा सील न करता उघड्याच, तिथून तर सगळ्यात जास्त गॅस सुटतो. स्टिकर काय तर केमिकल फ्री ऑर्गॅनिक. आमचं डिझाइन, आमचे फोटो, किंमत आमच्या निम्मी, आणि आमचा माल त्या शोरूमच्या गोडाऊनमध्ये उलटा करून ठेवलेला.

त्या सहा-सात महिन्यांत काय झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही. बांगड्या गहाण गेल्या, टिंबरवाल्याचे फोन, शेडचं भाडं थकलं, आणि वरून लोकांचे मेसेज की तुमचा माल भेसळीचा आहे. मी रोज रात्री बसून एकेकाला उत्तर द्यायचे, बिल पाठवा, कॉटची खालची बाजू दाखवा, आमच्या प्रत्येक कॉटच्या आतल्या पट्टीवर तारीख आणि सुताराची खूण कोरलेली असते. बऱ्याच लोकांना पटलं. काहींना आजही नाही पटलं. नवीन दोघं सुतार सोडून गेले, त्यांना दोष देत नाही, त्यांना घर होतं. चाचांचे गाद्यांचे पैसे अडकले होते, मी दुकानात गेले तर त्यांनी वही उघडलीच नाही, म्हणाले बेटी आधी लाकूडवाल्याचं भागव.

आणि सदाशिव पेठेतल्या काकू. पहिल्या नातवाला पाळणा आमच्याकडून नेला होता. त्यांना कळलं तेव्हा आल्या, शेडमध्ये लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या, सगळं ऐकून घेतलं आणि तीन कॉटचे पूर्ण पैसे आगाऊ दिले, एक भाचीसाठी, दोन कोणासाठी ते नंतर ठरवते म्हणाल्या. मग त्यांच्या भिशीतल्या, भजनी मंडळातल्या बायका यायला लागल्या. शो-रूमची काच लागते ही समजूत माझी तेव्हाच गेली.

ज्यांचा छोटा धंदा आहे त्यांनी ऐकावं. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आमची तेव्हाची सरकारी नोंदणी होती म्हणून दाद मागता आली. निकाल आमच्या बाजूने लागला, वसुली अजून पूर्ण नाही. तो शोरूमवाला आजही समोरच्या रस्त्यावरून गाडीने जातो.

नंतरची वर्षं चांगली गेली, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. काम होतं, पगार वेळेवर झाले, बांगड्या सोडवल्या.

एक अडचण मात्र पहिल्यापासून आहे. आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. मग जन्म झाला की चौथ्या दिवशी फोन, बाराव्या दिवशी बारसं, ताई कसंही करून द्या. आता जवसाचं तेल काय बारशासाठी घाई करणार आहे का. म्हणून आम्ही असं सुरू केलं, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या सुमाराला येऊन लाकूड पसंत करून जायचं, बिल नाही, नाव नाही, पाळणा आमच्याकडेच तयार होऊन हवेवर राहतो आणि आनंदाची बातमी आली की त्या दिवशी पोचतो. कितीतरी सासूबाई ह्या एका गोष्टीवर खूश झाल्या. आणि पाळणा हवेवर महिना-दीड महिना राहतो हा खरा फायदा.

खोलीचंही तेच. रंग द्यायचा तर बाळ येण्याच्या महिनाभर आधी द्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर चालत नाही, पण जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांवर त्याआधीचे थर असतात, ते कोरडे घासून धूळ उडवू नका आणि गरोदर बाईला त्या खोलीत थांबवू नका. प्लायचं कपाट करायचंच असेल तर बिलावर ई-वन ग्रेड (फॉर्मल्डिहाइड कमी सुटणारा) लिहून घ्या आणि सगळ्या कडांना पट्टी मारून घ्या, मागच्या सुद्धा. कपाटात डांबरगोळ्या अजिबात नकोत. मोठ्या भावंडाची झबली-टोपडी वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवून तीच नव्या बाळाला घालतात, आणि ज्या बाळात जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असतं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. कडुलिंबाचा पाला घाला. कॉइल नको, मच्छरदाणी लावा. धुरीबद्दल बोललं की आज्या रागावतात, पण ओवा असो की बाळंतशेपा, बंद खोलीत धूर तो धूरच. राईची उशी, कडेचे मऊ लोड, हे पण नको, पहिल्या वर्षी बाळाला उताणं आणि सपाट गादीवरच झोपवा. काकूंची भाची न्यू जर्सीला असते, तिकडे अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कॉटच्या कडेच्या त्या मऊ पॅडिंगची विक्रीच बंद केली आहे, आणि इथे शोरूममध्ये ते सेटबरोबर फुकट देतात.

लॉकडाऊनमध्ये आणखी एक झालं. लोक सगळं सॅनिटायझरने पुसायला लागले, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे कठडे चिकट झाले आणि लगेच बाहेर बोललं गेलं की ह्यांचं पॉलिश कच्चं आहे. कच्चं नाही, लाख आहे ती, आणि लाख आहे म्हणूनच परत जुळते, वरून नवा हात मारला की खालच्या थरात मिसळून जाते, मेलामाइनसारखी खरवडून काढावी लागत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा, बस्स. पाण्याचे पांढरे डाग पडले तर गल्लीतल्या पॉलिशवाल्याला बोलावू नका, तो वरून मेलामाइन मारून जाईल. आम्हाला कळवा, पुण्यात आमचा माणूस घरी येऊन करून देतो, पैसे घेत नाही, दुसऱ्या बाळाच्या वेळेला सुद्धा.