तुम्ही विचारलंत म्हणून: पर्मनंट कधी होणार?

होमगार्डची खाकी घालून चौकात उभा असलो की ओळखीचा एक तरी माणूस गाडी थांबवून विचारतोच, "काय मग, पर्मनंट कधी होताय?" लग्नात विचारतात, सलूनमध्ये विचारतात, सासरेबुवा तर दर दिवाळीला. तोंडात शिट्टी असताना उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर सांगतो.

होणार नाही. होमगार्ड ही नोकरी नाही आणि कायद्याच्या लेखी ती तशी कधी नव्हतीच. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या दिवसांत, मुंबईत मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने हे दल उभं राहिलं. आपापला कामधंदा सांभाळून गरजेला पोलिसांच्या मदतीला येणारे नागरिक, एवढीच कल्पना. १९४७ मध्ये त्यासाठी कायदा झाला, १९६२ च्या चीन युद्धानंतर देशभर एकसारखी दलं उभी राहिली. नोंदणी तीन वर्षांची, मग पुनर्नोंदणी. ब्रीद 'निष्काम सेवा'. (बायको हे ब्रीद म्हणताना हसते.)

हिमाचल प्रदेशातले होमगार्ड हाच पर्मनंटचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१५ मध्ये न्यायालयाने कायम करायला नकार दिला; पण महिनाभर काम केलं तर पोलिसाच्या किमान वेतनाइतकी रक्कम होईल असा दैनिक भत्ता द्या, असं सांगितलं. आपल्याकडे २०२४ मध्ये भत्ता दिवसाला ५७० वरून १०८३ रुपये झाला. हा आकडा ऐकला की लोक लगेच तिसाने गुणतात. पण भत्ता बंदोबस्ताच्या दिवसाचाच. गणपती, नवरात्र, निवडणूक आली की ड्युटी सलग लागते, एरवी आठवडेच्या आठवडे बोलावणं नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून द्यायचं, दुकान आहे म्हणून निभावतं. पावसाळ्यात शेतातले पंप बंद, तेव्हा गणपतीचा बंदोबस्त सोसतो. भर उन्हाळ्यात निवडणूक लागली की दारात जळालेल्या मोटारींचा ढीग आणि मी मतदान केंद्रावर. ज्यांना दुसरा धंदा नाही, ते या भत्त्यावरच संसार ओढतात. त्यांना निष्काम सेवा ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा प्रश्न अधिकारांचा. कर्तव्यावर बोलावलं असेल तेव्हा पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण, ड्युटी संपली की साधा नागरिक. प्रत्यक्षात पॉइंटवर शब्द चालतो तो हवालदाराचा, आणि तेच बरं आहे. आमचं प्रशिक्षण थोडक्या दिवसांचं. तेवढ्यावर कुणी मोठे निर्णय घेऊ नयेत.

मग आमचा उपयोग काय? आम्ही इथलेच. पोलीस ठाण्यात बदलून आलेल्या अंमलदाराला विसर्जन मिरवणुकीचा रस्ता नकाशावर दिसतो. कुठल्या बोळात वीजतार खाली लोंबते, कुठल्या दोन मंडळांना एकामागोमाग सोडायचं नाही, कुठलं पोरगं पाण्याजवळ फिरकू द्यायचं नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. पण हीच ओळख आडवी येते. हवालदाराने हात केला की गाडी थांबते, मी केला की काच खाली होते आणि "भाऊ, आपलीच गाडी आहे!" खांद्यावर हात ठेवणारे वेगळेच. एका मित्राच्या भावाचा टेम्पो बंद रस्त्यावरून मी परत फिरवला, तेव्हापासून त्यांच्या मोटारी रिवाइंडिंगला दुसऱ्या गावी जातात. पोलीस बदली होऊन जातो. मला उद्या सकाळी त्याच गल्लीत शटर उघडायचं असतं.

खरं तर विचारणाऱ्यांतले निम्मे स्वतःच्या पोरासाठी विचारत असतात. तर ऐका: तीन वर्षं सेवा झालेल्या होमगार्डांना महाराष्ट्र पोलीस भरतीत पाच टक्के आरक्षण आहे. परेडला येणारी बरीच पोरं त्यासाठीच येतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. भरती झाली की जातात. दुकानवाले, शेतीवाले आम्ही उरतो. नोंदणीला दहावी पास लागते, वय वीस ते पन्नास. मुलांना सोळाशे मीटर धावणं, मुलींना आठशे, शिवाय गोळाफेक. पोराला आतापासून पहाटे पळायला लावा. आणि आईला आधीच सांगून ठेवा, गौरी जेवतील त्या दिवशी तो घरी नसेल.