परडी, काठी आणि कोयती

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस दोन-तीन दिवस कोसळून मध्येच उघडीप पडली, की सावंतवाडीकडच्या आमच्या आजोळी मामी पहाटेच परडी शोधू लागत असे. अळंब्यांना जाण्यासाठी तिला बांबूची विरळ विणीची परडी, कमरेची कोयती आणि एक काठी एवढेच पुरत असे. पुढे मी शहरातून घडीची सुरी, माती झाडायला मऊ ब्रश, कपाळाला बांधायची बॅटरी आणि कागद असा सरंजाम घेऊन गेलो, तेव्हा तिने तो कौतुकाने न्याहाळला आणि माझ्या हातात काठी दिली. अळंब्या उगवतात ते वारूळ वाळवीने बांधलेले असले, तरी तेथे राहणाऱ्या सापाकडे भाडे कोणी मागत नाही. गवतात हात घालण्याआधी काठी फिरलीच पाहिजे.

आमच्याकडची सर्वांत चविष्ट अळंबी ही खरे तर वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून घरट्यात पोळ्यासारखे थर रचते, त्यांवर बुरशी वाढवते आणि तीच खाते. हा व्यवहार सुमारे 3 कोटी वर्षांपासून चालू असल्याचे अभ्यासक मानतात. पावसाळ्यात त्या बुरशीला ज्या छत्र्या फुटतात, त्या आपण काढून आणतो. त्यांचा देठ मुळासारखा थेट घरट्याकडे उतरलेला असतो, म्हणून कोयतीच्या टोकाने माती हलकेच सैल करावी लागते, वारूळ मात्र फोडायचे नसते, कारण घरटे शाबूत राहिले तर पुढल्या वर्षीही अळंबी त्याच जागी उगवण्याची आशा असते. ती जागा मामीने सख्ख्या जावेलाही सांगितलेली नव्हती.

अनोळखी छत्री तपासायची असेल, तर तीही बुडासकट काढावी लागते, कारण काही जहाल विषारी जातींच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते आणि ती जमिनीतच राहिली तर महत्त्वाची खूण हरवते. अशी छत्री परडीत इतरांबरोबर न टाकता कागदात वेगळी गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत अळंब्यांना घाम सुटतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.

लसूण किंवा चांदीचा चमचा घालून विष ओळखण्याची युक्ती अजून सांगितली जाते. ती साफ खोटी आहे. काही छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर जेवण विसरलेले असते आणि यकृताला इजा होऊ लागलेली असते. मामीचा नियम सोपा होता: "वळख नसात त्येका हात लावू नको."

माझ्या सरंजामातून टिकला तो फक्त कागद. एकदा माडांखालच्या हिरवळीत थाळीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवल्या होत्या. मामीने मान हलवली, तरी मी एक आणून, देठ छाटून, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली व वर वाटी झाकली. वारुळावरच्या अळंबीच्या बीजाणूंचा, म्हणजे छत्रीखालून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा गुलाबीसर उमटतो. सकाळी पांढऱ्या भागावर मळकट हिरवी वर्तुळे उमटली होती. ती वांत्या-जुलाबांनी माणसाला आडवे करणारी जात होती. मामीने कागद पाहिला, वाटी राखेने तीनदा घासली आणि दिव्याचे तेल ठेवायला देवघरात नेली. स्वयंपाकघरात ती पुन्हा आली नाही.