रात्री ऊन कुठे असतं?

यंदा उत्तरायणला आमच्या गच्चीवर पतंग कमी आणि भांडणं जास्त, कारण भाच्याने अडकलेला मांजा काढायला सरळ सोलार पॅनलवर पाय दिला आणि मी इतका जोरात ओरडलो की शेजारच्यांनी स्पीकर बंद केला.

मग काका सुरू. रिफायनरीतून रिटायर झालेत, एका हातात उंधियूची प्लेट, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात तो फॉरवर्ड: इलेक्ट्रिक गाडी 78 हजार किलोमीटर चालल्याशिवाय पेट्रोलपेक्षा स्वच्छ ठरतच नाही, बनवतानाचा जास्तीचा धूर फिटायलाच तेवढं चालावं लागतं म्हणे. "विलायतेचा रिपोर्ट आहे रे."

तो रिपोर्ट मला माहीत होता. 2020 चा, ब्रिटनमधला, आणि तो करवून घेणाऱ्यांत अ‍ॅस्टन मार्टिन, होंडा, बॉश वगैरे गाड्या आणि त्यांचे भाग बनवणारी मंडळी! शिवाय तो बाहेर काढणारी पीआर कंपनी अ‍ॅस्टन मार्टिनच्याच एका अधिकाऱ्याच्या बायकोच्या नावावर निघाली. नेदरलँड्सचे संशोधक ऑके हुक्स्ट्रा आणि ब्रिटनचे ऊर्जा-विश्लेषक मायकेल लीब्राइक यांनी हे खोदून काढलं, हुक्स्ट्रांच्या हिशोबाने आकडा 25 हजार किलोमीटरच्या आसपास येतो. पैसे घेतले म्हणजे संशोधन खोटंच असं नाही, पण मग पीआर कंपनी कोणाच्या घरची हे लपवायचं कशाला?

काका शांतपणे म्हणाले, "बरं. तू स्कूटर रात्री चार्जिंगला लावतोस, तेव्हा ऊन कुठे असतं?"

आता काय बोलणार. "आमची स्कूटर उन्हावर चालते" हे मी बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारात सांगत फिरलोय. दिवसा माझे 3 किलोवॅटचे पॅनल बारा-एक युनिट देतात, जास्तीचे ग्रिडमध्ये जातात, रात्री मी जी परत घेतो ती बहुतेक कोळशाची वीज. बिल शून्य येतं, पण धूर शून्य होत नाही. तरी कागदावर मांडलं: शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट, युनिटला 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अडीच किलो, आणि पेट्रोल स्कूटरला दोन लिटर, साडेचार किलोच्या वर, त्यात रिफायनरीतला धूर धरलेलाच नाही (हे मी काकांकडे बघत म्हटलं).

"आणि तुला कोणी पैसे दिले?"

सरकारने, पॅनलसाठी, पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी. योगायोग बघा, ती पण 78 हजारच, रुपये.

शिवाय पॅनल विकणाऱ्याच्या पत्रकात "संशोधनानुसार मेंटेनन्स लागत नाही" असं छापलेलं, खाली बारीक अक्षरात संशोधन त्यांचंच. इथे पंधरा दिवस पुसलं नाही तर धुळीने युनिट घटलेले मीटरवर दिसतात, आणि पुसतो मीच.

स्कूटर आता सुट्टीच्या दिवशी दुपारी चार्जिंगला लावतो. काकांनी तो फॉरवर्ड आणखी दोन ग्रुपवर टाकलाय.